तरुण संघ आणि हातातला फोन

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोममध्ये कार्लो अक्युटिस या इटालियन मुलाला संत म्हणून घोषित केले. जीन्स आणि टी-शर्टमधला संत ही कल्पनाच नवी होती, त्यामुळे जगभरच्या कॅथलिक तरुणांना तो आपला वाटला यात नवल नाही. ‘इंटरनेटचा संत’ अशी त्याची ओळख रूढ होते आहे आणि किशोरवयीन मुलांमध्ये समाजमाध्यमांवरून काम करायचे म्हटले की आता त्याचेच नाव पुढे येते. त्याच्या चरित्रातली एक साधी गोष्ट मात्र या उत्साहात बाजूला राहते. कार्लो १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेला. तेव्हा आयफोन बाजारात यायचा होता, फेसबुक सर्वसामान्यांसाठी खुले होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि इन्स्टाग्राम निघायला आणखी चार वर्षे होती. तो प्रोग्रॅमिंग शिकला आणि मिस्साशी निगडित चमत्कारांची माहिती जमवून त्याने एक संकेतस्थळ उभारले. त्याच्यापुढचे इंटरनेट हे काहीतरी बनवण्याचे साधन होते. आज नालासोपाऱ्यातल्या किंवा जालन्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात आहे ते तिची नजर कुठे किती वेळ थांबली हे मोजणारे आणि त्या मोजमापावरून पुढचा व्हिडिओ ठरवणारे यंत्र. कार्लोच्या श्रद्धेतून या मुलीने शिकावे असे पुष्कळ आहे. तिच्या फोनचे काय करायचे, याचे उत्तर मात्र त्याच्या चरित्रात नाही. ते आजच्या चर्चलाच शोधावे लागेल.

सध्या जे उत्तर दिले जाते ते असे: मुले फोनवर आहेत, म्हणून चर्चनेही फोनवर जावे. २०२० च्या टाळेबंदीत मिस्सा आणि उपासना यूट्यूबवर आल्या. तेव्हापासून कॅमेरा, माइक आणि एडिटिंग जमणारी दोन मुले हाच अनेक ठिकाणी तरुणांच्या कामाचा मोठा भाग होऊन बसला आहे. जुलै २०२५ च्या अखेरीस रोममध्ये ‘डिजिटल मिशनरी’ आणि कॅथलिक इन्फ्लुएन्सर यांचा स्वतंत्र मेळावाही भरला. या उत्तराचा पहिला भाग खरा आहे. मुलांचे जग जिथे घडते तिथे चर्चचे लक्ष हवेच. चूक दुसऱ्या भागात आहे. मुलाच्या आयुष्याकडे लक्ष देणे वेगळे आणि मुलाचे लक्ष आपल्याकडे ओढणे वेगळे. चर्च पहिल्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या मागे लागले आहे. माझे म्हणणे असे, की लक्ष ओढण्याच्या या शर्यतीत चर्चने उतरूच नये. त्याने मुलांचे ऑनलाइन जग कसून समजून घ्यावे; पण आपली माणसे, वेळ आणि पैसा प्रत्येक मुलामुलीला घराबाहेरचा एखादा भरवशाचा प्रौढ आणि भेटायला एक जागा मिळवून देण्यासाठी खर्च करावा.

हे जग किती पसरले आहे हे पाहायला महानगरात जायची गरज नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीने २०२४ मध्ये १४ ते १६ वर्षांच्या मुलांची माहिती घेतली. त्यांतल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. अशा मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखादे खाते ब्लॉक कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे ६२ टक्के मुलांना माहीत होते. स्वतःचे खाते खासगी कसे ठेवायचे, हे साधारण ५५ टक्क्यांना. म्हणजे दहापैकी जवळजवळ चार मुलांना त्रास देणाऱ्याला दूर ठेवण्याचा पहिला उपायही कुणी शिकवलेला नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा शिकवणाऱ्या किती शिक्षकांना हा उपाय ठाऊक आहे, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा.

ख्रिस्ती मुलांच्या बाबतीत या चित्राला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातले ख्रिस्ती १०.८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत. वसईत किंवा मुंबईच्या काही उपनगरांत वस्ती दाट आहे. पण मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात अख्ख्या वर्गात एकच ख्रिस्ती मूल असू शकते. या मुलाला फोनवर स्वतःच्या धर्माविषयी काय दिसते? एक म्हणजे शिवी. पोतेभर तांदळासाठी बाटलेले, या अर्थाने ‘राइस बॅग’ हा शब्द भारतातल्या समाजमाध्यमांवर ख्रिस्ती नावाच्या कुणाही माणसाच्या प्रतिक्रियेखाली सर्रास येतो. महाराष्ट्रातल्या अनेक प्रोटेस्टंट कुटुंबांचे पूर्वज दलित समाजातून आले, त्यामुळे त्यांच्या मुलांना एकाच वाक्यात जातीचाही टोमणा बसतो आणि धर्माचाही. दुसरे म्हणजे परदेशातून येणारा प्रचार: देणगी द्या आणि श्रीमंत व्हा असे सांगणारे उपदेशक, आजार चुटकीसरशी बरे झाल्याच्या चित्रफिती, जगबुडीच्या तारखा. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने २३-२४ सप्टेंबरला विश्वासणाऱ्यांना स्वर्गात उचलून घेतले जाईल असे सांगितले आणि ते भाकीत टिकटॉकवरून जगभर पोहोचले. टिकटॉकवर भारतात २०२० पासून बंदी आहे. पण अशा चित्रफिती इतर मंचांवर फिरतच राहतात. तारीख आली आणि गेली. भाकितावर विश्वास ठेवून घाबरलेल्या मुलाने २५ तारखेला कुणाकडे जायचे होते? टोमणा वाचून रात्रभर जागलेल्या मुलीने रविवारी कुणाला सांगायचे होते? चर्चने तोवर आणखी एक सुंदर रील टाकले असते तरी या दोघांचा प्रश्न सुटला नसता. त्यांना त्यांचे बोलणे ऐकून घेणारे माणूस हवे होते, आणि त्या माणसाला ‘राइस बॅग’ म्हणजे काय, ते भाकीत कुठून आले, हे आधीच माहीत असायला हवे होते.

तरुणांमधल्या ख्रिस्ती कामाचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये रविवारची शाळा काढली, ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी. या मुलांना एकच दिवस मोकळा होता आणि अक्षरओळख नव्हती. लंडनमध्ये १८४४ साली वायएमसीए स्थापन करणारे जॉर्ज विल्यम्स हे कापडाच्या पेढीत काम करणारे बावीस वर्षांचे तरुण होते. त्यांच्यासारखे खेड्यांतून आलेले कामगार दिवसाचे बारा-चौदा तास राबत, दुकानाच्याच खोल्यांत दाटीवाटीने राहत आणि बाहेर पडले की त्यांना दारूचे गुत्ते तेवढे उघडे सापडत. बेल्जियममध्ये फादर जोसेफ कार्डाइन यांनी १९२५ मध्ये तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी केली, कारण चौदाव्या वर्षी कारखान्यात गेलेली मुले चर्चपासून तुटत होती. पाहा, पारखा, कृती करा, ही त्यांची त्रिसूत्री भारतातल्या कॅथलिक विद्यार्थी गटांत आजही शिकवली जाते. या तिघांनीही मुलांच्या जगण्याची परिस्थिती आधी नीट पाहिली. ती परिस्थिती मुलांकडून नेमके काय हिरावून घेते आहे हे ओळखले आणि तेवढेच परत देण्यासाठी संस्था उभ्या केल्या. अक्षरे हिरावली होती तिथे अक्षरे, सोबत हिरावली होती तिथे सोबत, प्रतिष्ठा हिरावली होती तिथे प्रतिष्ठा. गुत्त्याला टक्कर द्यायची म्हणून विल्यम्स यांनी सोज्ज्वळ गुत्ता काढला नाही. आजचे मंच मुलांकडून सलग एकांत, संथ संभाषण आणि चुकण्याची मुभा हिरावून घेत आहेत. चर्चने परत द्यायच्या गोष्टी या आहेत.

यावर एक भक्कम आक्षेप येतो, आणि तो मराठी इतिहासातूनच येतो. चर्चने प्रत्येक युगात त्या त्या काळाचे माध्यम हाती घेतले नाही का? फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी अकरा हजारांच्या घरात ओव्या रचून ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांतून ख्रिस्त मराठी माणसापर्यंत नेला. वसईत १९५५ पासून ‘सुवार्ता’ निघते आहे. तिचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मग ओवी चालली, कीर्तन चालले, नियतकालिक चालले, तर रील का नको?

आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे. स्टीफन्स यांचे पुराण देवळात जमलेल्या भाविकांपुढे वाचले जाई. टिळकांच्या कीर्तनात कीर्तनकार समोर उभा असे आणि ऐकणारा शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला असे. ‘सुवार्ता’चा वाचक रागावला तर संपादकाला पत्र लिहू शकत होता, आणि पुढच्या रविवारी त्याला आवारात गाठूही शकत होता. ही माध्यमे माणसांना एकत्र आणत होती आणि त्यांची सूत्रे बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या समाजाच्याच हाती होती. मोबाइलच्या फीडमध्ये दोन्ही गोष्टी नाहीत. तिथे प्रत्येकजण एकटा पाहतो. कुणी काय पाहिले हे पाळकाला कळत नाही, कंपनीला कळते. पुढे काय दाखवायचे हेही कंपनीच ठरवते, आणि तिचा निकष एकच: माणूस स्क्रीनवर किती वेळ खिळून राहतो. या निकषावर टिकायचे तर बोलणाऱ्यालाही बदलावे लागते. पहिल्या तीन सेकंदांत पकडले नाही तर अंगठा पुढे सरकतो, म्हणून मग भीती, चमत्कार, कुणाची तरी खिल्ली किंवा कुणाविरुद्ध तरी संताप यांचा आधार घेतला जातो. एखाद्या प्रश्नावर शांतपणे ‘याचे उत्तर मलाही सोपे वाटत नाही, आपण बसून बोलू’ असे म्हणणारा धर्मगुरू तिथे चालत नाही, आणि किशोरवयीन मुलाला नेमका तोच धर्मगुरू हवा असतो. मोजमापाची ही सवय भक्तीतही शिरते. बायबलच्या सर्वांत लोकप्रिय अॅपवर सलग किती दिवस वाचन झाले याची मोजणी चालते आणि बॅजही मिळतात. ते अॅप फुकट आहे, त्यावर मराठी बायबलही आहे, आणि त्याचा उपयोग मी नाकारत नाही. पण मोजणी तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला घाईघाईने एक अध्याय उघडणाऱ्या मुलाला आपण प्रार्थना शिकवतो आहोत की हजेरी, याचा विचार धर्मशिक्षकांनी केला पाहिजे.

मुलांची श्रद्धा कशावर टिकते, याचा बराच अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ यांच्या गटाने २००२-०३ मध्ये १३ ते १७ वयाच्या ३,२९० मुलामुलींची पाहणी केली. त्यावरचे ‘सोल सर्चिंग’ हे पुस्तक २००५ मध्ये आले. मुलांच्या धार्मिक जीवनावर सर्वांत मोठा प्रभाव आईवडिलांचा असतो आणि त्याखालोखाल मंडळीतल्या इतर प्रौढांशी असलेली नाती महत्त्वाची ठरतात, असे त्यात दिसले. बंडखोर पिढीची प्रतिमा डोक्यात असलेल्यांना हा निष्कर्ष अनपेक्षित होता. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण पुढचे आहे. बहुतेक मुलांना आपण काय मानतो हे धड सांगताच येत नव्हते, आणि मुलाखती घेणाऱ्यांना असे जाणवले की ‘तू काय मानतोस?’ हा प्रश्न यांतल्या अनेकांना एखाद्या प्रौढाने आयुष्यात प्रथमच विचारला होता. त्या काळी मुलांच्या हातात स्मार्टफोन नव्हता. मुलांना उपदेश भरपूर मिळाला होता. विचारणारे माणूस मिळाले नव्हते. अमेरिकेतले निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही, आपली कुटुंबे वेगळी आहेत. तरी ज्या मुलांवर आज दिवसभर चित्रफितींचा मारा होतो त्यांना आणखी आशय कमी पडतो आहे, असे मानायला मला कुठलाच आधार दिसत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. समाजमाध्यमांनी मुलांचे नुकसान होते हे तरी कुठे सिद्ध झाले आहे? हा वाद खरा आहे आणि तो लपवणे प्रामाणिकपणाचे नाही. जोनाथन हाइट यांनी २०२४ मधल्या ‘द अँक्शस जनरेशन’ या पुस्तकात किशोरवयीनांच्या वाढत्या मानसिक अस्वास्थ्याचे खापर मुख्यतः स्मार्टफोन आणि समाजमाध्यमांवर फोडले. मानसशास्त्रज्ञ कँडिस ऑजर्स यांनी ‘नेचर’मध्ये त्यावर टीका करताना कार्यकारणभावाचा पुरावा तितका पक्का नसल्याचे दाखवले. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रशिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक मुलांची आकडेवारी तपासली, तेव्हा मुलांच्या सुस्थितीतला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. दुसरीकडे २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. स्वतःच्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटू लागल्याचे सांगितले होते, हे त्यात दिसले. कंपनीने मात्र या निष्कर्षांचा अर्थ चुकीचा लावला जात असल्याचा दावा केला. सरासरी मुलाला थोडाच फरक पडतो आणि काही मुलांना फार पडतो, असे या सगळ्यावरून मला दिसते. माझा युक्तिवाद मात्र फोन विष आहे या गृहीतावर उभा नाही. सरासरीला काय होते हे पाहणे सरकारचे आणि संशोधकांचे काम आहे. शंभरातली नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाला शोधायला निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट ज्यांनी प्रमाण मानली, त्यांना सरासरीच्या आडोशाला उभे राहता येत नाही. त्या एकाला ओळखायचे तर तो कोण, हे आधी माहीत असावे लागते.

मुले फोनला का चिकटतात, याचे एक उत्तर प्रौढांना फारसे आवडत नाही. डॅना बॉइड या संशोधिकेने अमेरिकन किशोरांमध्ये वर्षानुवर्षे काम करून २०१४ मध्ये ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’ हे पुस्तक लिहिले. मुलांना ओढ यंत्राची नसते, एकमेकांची असते, आणि मोठ्यांनी त्यांच्या भेटीच्या जागा बंद केल्यामुळे ती ऑनलाइन जमतात, असे तिचे प्रतिपादन आहे. आपल्याकडे हे अधिकच खरे आहे. वसई-विरार पट्ट्यातली मोकळी रानेवने आणि वाड्या गेल्या तीन दशकांत इमारतींखाली गेल्या. मुंबईत मैदान मिळणे हाच उत्सव झाला आहे. मुलींना संध्याकाळी सातनंतर बाहेर थांबण्याची मुभा बहुतेक घरांत नाही. शाळा, शिकवणी, घर या त्रिकोणात अडकलेल्या मुलीला मैत्रिणीशी निवांत बोलायला फोनशिवाय जागा उरलेली नाही, आणि आपण तिला फोनवरून रागावतो. या परिस्थितीत महाराष्ट्र आणि गोव्यातल्या चर्चकडे एक अशी संपत्ती आहे जी कुठल्याही कंपनीकडे नाही: भिंतीच्या आतले मोठे, सावलीचे, सुरक्षित आवार, बहुधा एक सभागृह आणि बाजूला शाळेचे पटांगण. रविवारची उपासना आटोपली की अनेक ठिकाणी त्याला कुलूप लागते. तरुण संघाची बैठक महिन्यातून एकदा, अजेंड्यावर नाताळचा कार्यक्रम. आठवड्यातून चार संध्याकाळी हे आवार उघडे असेल, तिथे एक कॅरम बोर्ड, एक नेट, दोन गिटारी आणि मुलांची नावे ठाऊक असलेली एक ताई किंवा दादा असेल, तर त्यासाठी लागणारा पैसा चांगल्या कॅमेऱ्यापेक्षा कमी आहे.

वर्गात एकटेच ख्रिस्ती असलेल्या त्या मराठवाड्यातल्या मुलाचे काय? त्याच्या गावात आवारही नाही आणि तरुण संघही नाही. त्याच्यासाठी इंटरनेट हेच सहभागितेचे दार आहे, आणि ते बंद करा असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. अपंगत्वामुळे घराबाहेर पडू न शकणारी मुले, सतत बदलीच्या नोकरीतल्या पालकांची मुले यांचेही तसेच. पण त्यांना उपयोगी पडते ते इंटरनेट कसे असते ते पाहावे. आठ-दहा मुलांचा ठरावीक वारी, ठरावीक वेळी भेटणारा गट. प्रत्येकाचे नाव घेऊन बोलणारा मार्गदर्शक. वर्षातून एकदा प्रत्यक्ष शिबिर. अशा गटात गैरहजर राहिलेल्याची चौकशी होते. हजारो जणांच्या चॅनेलवर एकजण येईनासा झाला तर कुणालाच कळत नाही. व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या वर्तनाविषयी चिंतन प्रसिद्ध केले, त्याचा गाभा चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यावर बेतलेला आहे, आणि हा आधार मला अचूक वाटतो. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाजवळ थांबून त्याच्या जखमा बांधणारा, त्याला उतारशाळेपर्यंत नेणारा माणूस त्या दाखल्यात शेजारी ठरतो. त्याला थांबावे लागले, आणि त्याचा वेळ गेला.

सर्वांत कठीण आक्षेप चर्चविषयीच आहे. ज्या मुलाच्या मनात देवाविषयी शंका आहेत, ज्या मुलीला घरातल्या मारहाणीविषयी बोलायचे आहे, ज्या मुलाला आपले आकर्षण आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असल्याचे उमगले आहे, त्यांना चर्चपेक्षा अनोळखी ऑनलाइन गट सुरक्षित वाटतात, कारण तिथे कुणी निकाल देत नाही आणि आईवडिलांना कळवत नाही. शिवाय जगभरच्या चर्चमध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाची आणि ते दडपल्याची प्रकरणे उघड झालेली असताना ‘भरवशाचा प्रौढ’ हे शब्द सहज उच्चारता येत नाहीत. हा आरोप खरा आहे, आणि त्याला युक्तिवादाने उत्तर देता येणार नाही. व्यवस्थेनेच देता येईल. किशोरांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची आधी चौकशी व्हावी, त्याला प्रशिक्षण मिळावे. कुठल्याही मुलाशी बंद दाराआड एकट्याने बैठक नको; भेट उघड्या व्हरांड्यात, दुसरा प्रौढ नजरेच्या टप्प्यात. मुलांशी रात्री उशिरा खासगी चॅट नको आणि आपोआप पुसले जाणारे संदेश तर मुळीच नकोत. शिबिरातल्या अल्पवयीन मुलांचे चेहरे चर्चच्या पानावर टाकू नयेत. प्रसिद्धीच्या हौसेपायी हे आज सर्वत्र घडते आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळालेल्या कुणालाही ती पोलिसांना द्यावीच लागते, मग तो धर्मशिक्षक असो की युवामार्गदर्शक. १०९८ ही बालकांसाठीची आणि १९३० ही सायबर गुन्ह्यांसाठीची मदतवाहिनी प्रत्येक धर्मशिक्षण वर्गाच्या भिंतीवर हवी. आणि मुलाच्या शंकेला पाप न मानता प्रश्न मानण्याची तयारी नसलेल्या माणसाला, तो कितीही भाविक असला तरी, हे काम देऊ नये.

फोनवर मर्यादा घालायची की नाही, हा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये केला. तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्याला मनाई केली. कायद्यांचे परिणाम दिसायला वेळ लागेल. त्याहून जवळचे आणि शिकण्याजोगे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचे आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता गावातल्या मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवले जातात. हा उपाय चालतो, कारण तो एकाच वेळी सगळ्यांना लागू आहे. एकट्या मुलाचा फोन काढून घेतला तर तो मित्रांच्या गप्पांतून बाहेर फेकला जातो. सगळ्यांनीच ठेवला तर कुणाचे काही चुकत नाही, आणि मोठ्यांचाही फोन खाली जातो. गोव्यात आणि वसईत तिन्हीसांजेला आंजेलुसची घंटा आणि त्यानंतर घरोघरी रोझरी ही जुनी रीत आहे. प्रोटेस्टंट घरांत कौटुंबिक उपासनेची आहे. मुलांवर नियम न लादता धर्मग्रामाने आणि मंडळीने सर्व वयांसाठी ही वेळ एकमताने ठरवली, तर नवे काहीच उभारावे लागणार नाही. पाळकांनी त्या वेळेत स्वतःचा फोन बंद ठेवला नाही, तर मात्र एकही मूल हे मनावर घेणार नाही.

व्हॉट्सअॅपवर शिबिराची वेळ कळवावी, दूरच्या मुलांचा गट व्हिडिओ कॉलवर घ्यावा, ज्यांना गाणे किंवा लघुपट करता येतो त्यांनी तो करावा. याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो या गोष्टींनाच युवासेवा समजण्याला, कारण त्यात दर्शकांची संख्या वाढते आणि मुलाला ओळखण्याचे कष्ट वाचतात. येत्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना धर्मग्रामांच्या पाळकीय मंडळांनी आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या पंचांनी एवढे करावे: नोंदवहीतल्या १३ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलामुलीच्या नावापुढे, तिला नावाने ओळखणाऱ्या आणि गेल्या महिन्यात तिच्याशी बोललेल्या घराबाहेरच्या एका प्रौढाचे नाव लिहावे. ज्या नावापुढची जागा रिकामी राहील तिथून कामाला लागावे, आणि कॅमेऱ्याची खरेदी तोवर थांबवावी.